केनेटकाठच्या पिलबॉक्सना ‘वाया गेलेले’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या केनेट-एव्हन कालव्यावरच्या बोटसहलीचा लेख वाचला. लेख मनापासून आवडला. लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, पाणी कसं चढतं-उतरतं, दारांच्या लांबलचक दांड्याला पाठ लावून ती कशी ढकलायची, हे इतकं नीट लिहिलं आहे की कालवा रोज पाहणाऱ्यालाही पुन्हा तिकडे जावंसं वाटेल. पण मधेच एक वाक्य आहे. काठावर युद्धकाळातल्या काँक्रीटच्या ओबडधोबड खोल्या दिसतात, त्या कधीच वापरल्या गेल्या नाहीत आणि सगळा खर्च वाया गेला, अशा अर्थाचं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. ते लांबणार आहे, पण शक्य असेल तर कापू नये ही विनंती.

मी महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात नोकरी केली. बराच काळ कालव्यांवर आणि शेवटी काँक्रीटच्या गुणनियंत्रणात. निवृत्तीनंतर वर्षाचा मोठा भाग न्यूबरीला लेकीकडे असते. कालवा घरापासून चालत जाण्याएवढा जवळ आहे. रेडिंगकडे जावं किंवा हंगरफर्डकडे, थोड्याथोड्या अंतरावर हे पिलबॉक्स, म्हणजे आतून गोळीबार करण्यासाठी बांधलेल्या त्याच काँक्रीटच्या खोल्या, भेटतात. कुणी झाडीत दडलेला, कुणी शेताच्या मधोमध उघडा, कुणी पुलाच्या कोपऱ्याला चिकटून बसलेला. ज्या बाईचं आयुष्य काँक्रीट भरून घेण्यात आणि भरलेलं तपासण्यात गेलं, तिला ते ओलांडून पुढे जाणं जमत नाही.

आधी काळ सांगते, कारण काळ लक्षात घेतला नाही तर ही बांधकामं खरंच निरर्थक वाटतात. १९४० चा मे महिना. जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियम पार करून फ्रान्समध्ये घुसल्या. डंकर्कच्या किनाऱ्यावरून ४ जूनपर्यंत ३ लाख ३८ हजारांवर सैनिक इंग्लंडला परत आणले गेले. माणसं आली, सामान मागे राहिलं. सुमारे अडीच हजार तोफा आणि साठ हजारांहून जास्त वाहनं फ्रान्समध्येच सोडावी लागली. समोर जेमतेम वीस मैलांची खाडी, पलीकडे युरोप जिंकलेलं सैन्य आणि अलीकडे हातात रायफल असलेली, पण रणगाडा अडवायला फारसं काही नसलेली फौज. रस्त्यांवरच्या गावांच्या नावांच्या पाट्या काढून टाकल्या होत्या, म्हणजे उतरलेल्या शत्रूला आपण कुठे आहोत ते कळू नये. चर्चच्या घंटा बंद केल्या होत्या. त्या वाजल्याच तर शत्रू उतरला असा अर्थ. युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी १४ मे रोजी रेडिओवरून आवाहन केल्यावर गावोगावचे शेतकरी, दुकानदार, पहिल्या महायुद्धात लढलेले वयस्क लोक स्वयंसेवक दलात नाव द्यायला पोलीस ठाण्यांवर गेले. पुढे त्याच दलाला होम गार्ड म्हणू लागले.

देशांतर्गत फौजांची सूत्रं २७ मे रोजी जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे आली. त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. किनारा शेकडो मैलांचा, माणसं थोडी, रणगाडे त्याहून थोडे. त्यांनी आखलेल्या योजनेत किनाऱ्यावर एक पातळ कवच होतं, आणि ते फुटलं तर आत देशभर अडवणुकीच्या रेषा. या रेषा नव्याने खणत बसायला वेळ नव्हता, म्हणून जे आयतं होतं ते वापरलं. नद्या, कालवे, रेल्वेचे भराव. जिथे पाणी नव्हतं तिथेच रणगाडे अडवण्यासाठी चर खणले. यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या रेषेला जीएचक्यू लाइन (जनरल हेडक्वार्टर्स, म्हणजे लष्करी मुख्यालयाची रेषा) म्हणत. लंडन आणि मधल्या भागातले कारखाने वाचवणं हे तिचं काम. तिचाच एक भाग आपल्या लेखकांनी ज्यावरून सहल केली त्या कालव्याच्या काठाने जातो.

इथे मला पाटबंधाऱ्यातली बाई म्हणून दोन शब्द सांगायचे आहेत. आपण कालवा पाहतो तो वाहत्या पाण्याची सोय म्हणून. काठ किती ढाळाचे, अस्तर कुठे फुटलं, गळती किती, एवढंच बघायची सवय. त्या उन्हाळ्यात कुणीतरी हाच कालवा नकाशावर पाहिला आणि त्याला त्यात तयार खंदक दिसला. काठ सरळ, तळाशी गाळ, पाणी माणसाच्या छातीपर्यंत. रणगाडा त्यात उतरला तर वर येणं मुश्कील. पूल तेवढे उडवायची तयारी ठेवायची आणि पलीकडून येणाऱ्याला काठावर गाठायचं. शत्रू दक्षिणेकडून येणार हे धरलेलं होतं, म्हणून बहुतेक पिलबॉक्स उत्तरेच्या बाजूला आणि त्यांची तोंडं दक्षिणेला. १८१० साली माल वाहण्यासाठी पूर्ण झालेला, रेल्वे आल्यावर हळूहळू ओस पडत गेलेला हा कालवा, त्याच्यावर अचानक देशाचं राखणं येऊन पडलं.

आता पिलबॉक्सकडे येते. लंडनच्या युद्ध खात्यात तटबंदी आणि बांधकामाची एक शाखा होती, तिचं सांकेतिक नाव एफडब्ल्यू ३. तिने मे-जून १९४० मध्ये ठरावीक नमुने काढून दिले आणि त्यांना क्रमांक दिले. २२ क्रमांकाचा नियमित षटकोनी. २४ चाही षटकोनीच, पण त्याची मागची भिंत लांब आणि दार त्या भिंतीत. देशात सर्वांत जास्त आढळतो तो हाच. २५ क्रमांकाचा गोल, पन्हळी पत्र्याच्या साच्यात ओतलेला. २६ चौकोनी. २८ क्रमांकाचा सगळ्यांत मोठा, त्यात रणगाडाविरोधी तोफ ठेवायची सोय. भिंतींचे दोन प्रकार. फक्त गोळी अडवायची असेल तर सुमारे एक फूट जाडी. तोफेचा गोळा सोसायचा असेल तर साधारण साडेतीन फूट. कालव्यावरचे बरेच पिलबॉक्स या दुसऱ्या प्रकारचे आहेत. म्हणूनच बाहेरून एवढा मोठा दिसणारा ठोकळा आत गेल्यावर इतका लहान कसा, असं कुणालाही वाटतं.

न्यूबरीच्या पूर्वेला एका शेतात २४ नंबरचा एक आहे. शेतकऱ्याची परवानगी घेऊन मी तो आतून पाहिला. शेतकरी आता त्यात कुंपणाचे खांब आणि तारेची भेंडोळी ठेवतो. दार इतकं बुटकं की माझ्यासारख्या साडी नेसणाऱ्या उंचीने बेताच्या बाईलाही वाकावं लागलं. आत शिरताच समोर भिंत येते. ती खोलीच्या मधोमध उभी आहे, वरून पाहिली तर इंग्रजी वाय अक्षरासारखी. तिची कामं दोन. एक म्हणजे छताचा भार घेणं. दुसरं, बाहेरून आत शिरलेली गोळी भिंतींवर आपटत खोलीभर फिरू नये म्हणून तिला अडवणं. त्या भिंतीमुळे प्रत्येक सैनिकाच्या वाट्याला खोलीचा जेमतेम एक कोपरा येतो. पाच बाजूंना पाच जंग्या, म्हणजे गोळी झाडायच्या फटी, दाराच्या दोन्ही अंगांना आणखी दोन छोट्या. जंगीच्या कडा बाहेरच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांच्या केल्या आहेत. सरळ उतरत्या ठेवल्या असत्या तर त्यावर आदळलेली गोळी घसरत आतच आली असती. पायरीवर आदळली की ती बाहेर फेकली जाते. आपल्या गडांवरच्या तटांतून जंग्या पाहिलेल्या वाचकांना ही बारीक नजर लगेच समजेल.

आतून दोन गोष्टी मी बराच वेळ पाहत राहिले.

पहिली म्हणजे वीट. बाहेरून हा पिलबॉक्स विटांचा वाटतो आणि पुष्कळ लोक त्याला विटांचंच बांधकाम समजतात. प्रत्यक्षात ती वीट हेच शटरिंग आहे. काँक्रीट ओतायचं तर साचा लागतो, साच्याला फळ्या लागतात, आणि इंग्लंडला लाकूड बाहेरून यायचं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर स्वारी केल्यावर उत्तरेकडून येणाऱ्या लाकडाची वाट तुटली. वीट आणि गवंडी मात्र गावोगाव होते. म्हणून आधी आतून-बाहेरून विटेच्या दोन भिंती उभ्या करायच्या आणि मधल्या पोकळीत सळया बांधून माल ओतायचा. विटा तशाच राहू द्यायच्या. सेंट्रिंग उघडायचा वेळ वाचला, फळ्या वाचल्या. साइटवर काम केलेल्या कुणालाही पटेल की हा निर्णय घेणाऱ्याला बांधकाम कळत होतं. छताला खालून पन्हळी पत्रा तसाच सोडलेला आहे. तो गंजून लाल झाला आहे आणि जिथे गळून पडला तिथे काँक्रीटवर त्याच्या पन्हळी जशाच्या तशा उमटल्या आहेत.

दुसरी गोष्ट बाहेरच्या कोपऱ्यात. तिथल्या काही विटा निखळल्या आहेत आणि आतलं काँक्रीट उघडं पडलं आहे. मी वाकून हात फिरवला. आपल्याकडे काळ्या पाषाणाची फोडलेली खडी असते, धारदार, एका रंगाची. इथे केनेटच्या खोऱ्यातली गारगोटी आहे, तपकिरी, काळी, मधेच दुधी, पाण्याने गोल झालेली आणि काही दुभंगलेली. म्हणजे खडी लांबून आणली नाही. आसपासच खणली, कालवली आणि भरली. गुडघ्याच्या वर एक आडवी रेघ आहे. खालचं काँक्रीट घट्ट, वरच्या थरात मात्र काही ठिकाणी मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या. एका दिवसाचं काम त्या रेघेशी थांबलं, दुसऱ्या दिवशी वरचा थर पडला. तिथे सळईने ठोसून माल नीट बसवायला हात कमी पडले असावेत किंवा उजेड संपत आला असावा. माझ्या प्रयोगशाळेत असं काँक्रीट आलं असतं तर मी शेरा मारला असता. पण पंच्याऐंशी वर्षं उघड्यावर, गोठणाऱ्या थंडीत उभं राहून या भिंतीला एकही मोठी भेग नाही, हेही मला नोंदवायला हवं. घाईत केलेलं काम होतं, पण मन लावून केलेलं होतं.

आणि हे कुणी केलं? बहुतेक ठिकाणी लष्कराने नव्हे. कामं स्थानिक ठेकेदारांना दिली. कालपर्यंत गोठे, शाळेच्या भिंती, घरांच्या चुली-धुराडी बांधणारे गवंडी आणि मजूर. त्यांच्यापुढे लंडनहून आलेला एक नकाशा, एका अधिकाऱ्याने शेतात ठोकलेल्या खुंट्या आणि शत्रू कधीही उतरेल ही रोजची बातमी. १९४० च्या त्या उन्हाळ्यापासून सुरू झालेल्या कामात देशभर सुमारे २८ हजार पिलबॉक्स आणि तत्सम पक्के मोर्चे उभे राहिले असा अंदाज आहे. ज्याने बांधकामाची मोजमापं लिहिली आहेत त्याने या आकड्यावर जरा थांबून विचार करावा. सिमेंट पोचवणं, सळई पोचवणं, पाणी, माणसं, आणि हे सगळं कोपऱ्याकोपऱ्यातल्या शेतांत, जिथे रस्ता म्हणजे बैलगाडीच्या रुंदीची गल्ली.

आता ‘वाया गेले’ या मुद्द्याकडे. शत्रू आलाच नाही ही गोष्ट खरी. शिवाय या रेषांवर त्या काळातही टीका झाली. २० जुलैच्या सुमारास आयर्नसाइड यांच्या जागी जनरल अॅलन ब्रुक आले. फ्रान्समध्ये वेगाने येणाऱ्या रणगाड्यांपुढे जागच्या जागी बसलेल्या फौजेचं काय होतं ते ब्रुक यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांना लांबच लांब रेषा नको होत्या. हलती राखीव फौज हवी होती, जी शत्रू दिसेल तिथे धावून जाईल. रेषांवरचं काम लगेच थांबलं नाही, पण भर हळूहळू महत्त्वाची गावं आणि नाकी भक्कम करण्याकडे वळला. मी ब्रुक यांच्याच बाजूची आहे. एवढ्या लांब रेषेवर पुरेशी माणसं बसवणं शक्यच नव्हतं. पण आयर्नसाइड यांच्याजवळ जून महिन्यात हलवायला फौजच कुठे होती? वाहनं फ्रान्सच्या रस्त्यांवर पडली होती. जे हलू शकत नाही त्याला निदान जागेवर तरी भक्कम करावं, एवढाच पर्याय त्यांच्यापुढे होता. जुलैअखेर परिस्थिती थोडी सुधारली तेव्हा ब्रुक वेगळा विचार करू शकले. तो अवधी मिळाला कशामुळे याचा हिशेब करताना हवाई दल आणि नौदल यांचा वाटा सर्वांत मोठा आहे, यात वाद नाही. हिटलरने १६ जुलैला स्वारीची तयारी करण्याचा हुकूम दिला आणि १७ सप्टेंबरला ती बेमुदत पुढे ढकलली, ती मुख्यतः आकाश जिंकता आलं नाही म्हणून.

तरीही नदीकाठी बसलेली मशीनगन म्हणजे काय असतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनला पलीकडचा बांध घ्यायचा होता. नदी तशी अरुंद, बांध मात्र उंच आणि सरळ. जर्मनांनी त्या बांधाच्याच कुशीत मशीनगनचे मोर्चे बसवले होते. पाण्यातून वर येणारी तुकडी त्या गोळीबारात सापडली. कंपनी कमांडर जखमी झाले, बरोबरचे बहुतेक जागीच पडले. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून सुरुंग पेरलेल्या बांधावरून अलीकडे आणलं. मग ते एकटे परत गेले आणि हाताला गोळी लागलेली असतानाही त्यांनी तीन मोर्चे संपवले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अरुंद पाणी, चढा काठ आणि काठात दडलेल्या दोन-तीन गन, एवढ्यावर एक अख्खी कंपनी अडून पडली होती. केनेटकाठचा आराखडा हाच होता. तो शेवटपर्यंत पुरला नसता, पण त्याने येणाऱ्याला किंमत मोजायला लावली असती, आणि योजनेत त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा होती. आपल्याच पलटणीने असा काठ किती रक्त सांडून घेतला हे माहीत असताना, त्याला मराठी वृत्तपत्रात ‘निरुपयोगी खोल्या’ म्हणावं, हे मला पटत नाही.

या बांधकामांत कल्पकताही कमी नाही. शत्रूच्या विमानाला मोर्चा ओळखू येऊ नये म्हणून कितीतरी पिलबॉक्स वेषांतर करून उभे केले. गवताची गंजी, शेतातली झोपडी, रस्त्याकडेचं हॉटेल. सॉमरसेटमध्ये तर हे काम ऑलिव्हर मेसेल नावाच्या नाटकाच्या नेपथ्यकाराकडे होतं. नॉर्थम्बरलँडच्या ड्रुरिज उपसागरावर एक पिलबॉक्स पडक्या घरासारखा बांधला आहे, खोट्या खिडक्या, अर्धवट ढासळलेल्या भिंती अगदी खऱ्या वाटाव्यात अशा. सरेमध्ये वेव्हर्ली ॲबेच्या बाराव्या शतकातल्या मठाच्या अवशेषांजवळ, वे नदीच्या काठी, रणगाडे अडवणारे ठोकळे आणि पिलबॉक्स अजून आहेत. आणि ससेक्समधलं पेव्हन्सी. रोमनांनी बांधलेला कोट, १०६६ साली इंग्लंड जिंकायला आलेला नॉर्मंडीचा विल्यम ज्या किनाऱ्यावर उतरला तोच हा भाग, पुढे नॉर्मनांनी आत किल्ला उभारला. १९४० मध्ये पुन्हा तोच किनारा धोक्यात आला आणि त्या रोमन भिंतींमध्येच मशीनगनचे मोर्चे बसवले, जुन्या दगडाच्या रंगाचे, पडझड झाल्यासारखे. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये किल्ला सरकारी पुरातत्त्व देखरेखीखाली परत गेला तेव्हा हे मोर्चे काढून टाकावेत का, हा प्रश्न आला. ते किल्ल्याच्या इतिहासाचाच भाग आहेत म्हणून ठेवायचं ठरलं. युद्धाची धूळ खाली बसलेली नसताना घेतलेला हा निर्णय आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

इतर ठिकाणी असं कुणी ठरवलं नाही. जे राहिले ते बहुधा पाडायला महाग म्हणून राहिले. आज सुमारे साडेसहा हजार शिल्लक असल्याचं मानतात. पूर्व किनाऱ्यावरचे समुद्र खातो आहे. शेपी बेटावर आणि एसेक्समधल्या नेझ टेकडीखाली कड्याच्या माथ्यावर बांधलेले पिलबॉक्स आज वाळूत तिरपे पडलेले दिसतात, कारण खालचा कडाच सरकला. आतल्या भागात रस्ते रुंद होतात, घरांच्या वसाहती येतात, एखाद्या सकाळी पोकलेन येतो आणि एक ठोकळा नाहीसा होतो. काही ठिकाणी दार विटांनी बुजवून वटवाघळांसाठी फट ठेवली आहे. आत तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे हिवाळ्यात झोपी जाणारी वटवाघळं तिथे राहतात. मला हा उपयोग मनापासून आवडतो. फक्त अशा बुजवलेल्या दाराला कुणी हात लावू नये. इथे वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीला कायद्याचं संरक्षण आहे.

या सगळ्याची दप्तरी नोंद करण्याचं मोठं काम १९९५ ते २००२ या काळात ब्रिटिश पुरातत्त्व परिषदेने केलं. ‘डिफेन्स ऑफ ब्रिटन’ प्रकल्प. त्यात सुमारे ६०० स्वयंसेवक होते. निवृत्त पोस्टमन, शिक्षक, शेतकरी, सायकलवरून फिरणारी माणसं. त्यांनी जवळजवळ वीस हजार जागा नोंदवल्या. त्या नोंदी आज यॉर्कच्या पुरातत्त्व माहिती संग्रहात कुणालाही पाहता येतात. ही नोंद संपली असं मात्र समजू नये. त्या वेळी काटेरी झुडपात दडलेले, खासगी आवारातले काही सुटले असणारच. आणि त्या नोंदीला आता वीस वर्षांवर झाली, त्यातलं काय उरलं, काय पडलं, हे पुन्हा पाहायला हवं.

इथे मला आपल्या वाचकांना, विशेषतः इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना काही सांगायचं आहे. आपली मुलं इथे कामाला आहेत, रेडिंग, स्विंडन, ब्रिस्टल, केंब्रिज, चेम्सफर्ड, गिल्डफर्ड अशा गावांत आपली किती कुटुंबं आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. ही सगळी गावं त्या अडवणुकीच्या रेषांवर किंवा त्यांच्या जवळ आहेत. शनिवार-रविवारी चालायला जाणारे आपण लोक. सह्याद्रीत बुरूज दिसला की तो कुणी, कधी बांधला असं विचारणारे. इथेही विचारावं. प्रत्येक काउंटीकडे ऐतिहासिक वास्तूंची अधिकृत नोंदवही असते आणि सामान्य माणसाने पाठवलेली माहिती तिथे स्वीकारतात. फोटो पाठवताना जागा नकाशावर खुणेने दाखवा. भिंती किती कोनी आहेत, जाडी किती, दार कोणत्या दिशेला आणि जंग्या कोणत्या दिशेला हे लिहा, कारण दार जिकडे तिकडून शत्रू येणार नाही असं धरलं होतं आणि त्यावरून ती रेषा कोणत्या बाजूचं रक्षण करत होती ते कळतं. साचा विटेचा, फळ्यांचा की पत्र्याचा, तेही लिहा. ओल्या मालात कुणी नाव, तारीख कोरली असेल तर तिचा फोटो तिरप्या उजेडात घ्या, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. खडूने किंवा ओल्या कापडाने अक्षरं घासू नका. पिलबॉक्स शेतात असेल तर आधी शेतकऱ्याला विचारा. माझा अनुभव असा की विचारलं की माणसं खुशीने दाखवतात, आणि त्यांच्या घरात त्या उन्हाळ्याबद्दल जे ऐकलेलं असतं तेही सांगतात. ते सांगणं लिहून घ्या. ज्यांनी ते काम प्रत्यक्ष पाहिलं ती पिढी आता जवळजवळ संपली आहे, पण त्यांची मुलं अजून आहेत.

आणि संपादक महाशय, आपल्याकडे दुसरी विनंती. प्रवासलेखांच्या लेखकांना कृपया सांगावं की ज्या वास्तूजवळून जातो तिच्याबद्दल एक वाक्य लिहायचं असेल तर ती कुणी, कशासाठी, कोणत्या अडचणीत बांधली एवढं तरी पाहून घ्यावं. त्या लेखात लॉकच्या दारांना दीड स्तंभ मिळाला आहे, तो मिळायलाच हवा होता. केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये पुन्हा सुरू झाला तो स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं केलेल्या दुरुस्तीच्या कामातून, हेही लेखात आलं आहे. त्याच काठावर १९४० मध्ये गावच्या गवंड्यांनी केलेल्या कामाला पुढच्या लेखात चार ओळी द्याव्यात. लेखकांना हवे असतील तर मी काढलेले फोटो, मोजमापं आणि प्रत्येक पिलबॉक्सजवळचा पूल किंवा लॉक कोणता याची यादी आपल्या कार्यालयाकडे पाठवून ठेवते. थील ते किंटबरी या पट्ट्यातली आहे, त्यापलीकडची अजून व्हायची आहे.

आपली,
एक वाचक
(निवृत्त अभियंता, पाटबंधारे खाते)
न्यूबरी, इंग्लंड